तांडेलचाचांचे तिसरे घर

इब्राहिम तांडेल यांचे घर एकदा आगीत जळाले आणि एकदा बॉम्बने पडले, असे मी पहिले सात महिने समजत होतो. सात हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. आम्ही कुवेतमध्ये फहाहीलला राहायला आलो तो महिना आणि माझा गैरसमज दूर झाला तो शुक्रवार, दोन्ही माझ्या डायरीत आहेत.

त्या शुक्रवारी चाचा जुम्म्याची नमाज आटोपून नेहमीप्रमाणे आमच्याकडे चहाला आले होते. बोलता बोलता म्हणाले, "आमचं घर जळलं तेवा एवढा बर्फ पडला होता की बंबातलं पाणीच गोठलं."

मी कप खाली ठेवला. "चाचा, रत्नागिरीत बर्फ?"

"रत्नागिरीत कोण बोलला?"

"तुमचं घर रत्नागिरीला ना?"

"ते माजं घर. मी बोलतोय आमच्या घराचं." आणि कुठल्याशा अडाण्याकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

आमचे घर म्हणजे जर्मनीतल्या एका शहराचे ऑपेरागृह होते. तिथे काम करणारी सगळी माणसे, गाणाऱ्या बाईपासून झाडूवाल्यापर्यंत, त्या इमारतीला नुसते 'हाउस' म्हणत. चाचा तिथे पडद्याचे आणि देखाव्यांचे दोर ओढायला होते. त्यांनी त्या शब्दाचे मराठी केले, घर, आणि पुढे चाळीस वर्षे तोच शब्द वापरला. दुसरा तसाच शब्द 'कंपनी'. कुवेतमध्ये दोन भारतीय भेटले की पहिला प्रश्न असतो, कंपनी कुठली. चाचा कधीकधी उत्तर देत, "माजी कंपनी अजून गाते." त्यांच्या मनातली कंपनी म्हणजे त्या घरातले गायक, वादक, शिंपी, सुतार आणि दोरवाले. आपल्याकडे नाटक कंपनी म्हणत ती.

गेल्या वर्षी ते घर मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होणार असे कळले आणि चाचांना त्याआधी एकदा तिथे जाऊन यायचे होते. त्यांच्या व्हिसाचा अर्ज मी भरला. त्या अर्जाबद्दल मला लिहायचेच आहे, पण आधी माणूस कळायला हवा.

फहाहीलच्या बाजारात एक दुकान होते. तेलाच्या कामांवर जड सामान उचलायला लागणारे दोर, पट्टे, साखळ्या तिथे मिळत. चाचा तिथे माल तपासत. दोर हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि मुठीतून वीतवीत सरकवत जायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "हितं आजारी हाय." तिथे कापून पाहिले तर आतला एखादा धागा तुटलेला निघायचा. मी हॉस्पिटलात वजनकाटे, रक्तदाबाची यंत्रे आणि तापमापके प्रमाण मापांशी ताडून त्यांवर तारखेची चिठ्ठी चिकटवतो. डोळे मिटून केलेल्या तपासणीवर माझा विश्वास नाही. तरीही एका सुट्टीच्या सकाळी तिथे बसून मी मोजले. त्यांनी 'आजारी' म्हटलेल्या नऊ जागांपैकी नऊही जागा खरोखर खराब होत्या.

आमची ओळखच दोरावरून झाली. कपाट पिकअपवर बांधायचे म्हणून मी दुकानात गेलो होतो.

"वजन किती?"

"असेल साठ-सत्तर."

"असेल म्हंजे? धंदा काय तुमचा?"

मी सांगितला. त्यांनी मान मागे टाकून हसून घेतले. "काटेवाले, आणि असेल!" तेव्हापासून मी काटेवाले. माझे खरे आडनाव त्यांना अखेरपर्यंत माहीत होते की नाही याची मला शंका आहे.

बुटके, रुंद खांद्यांचे, पांढरी आखूड दाढी. तळहात इतके घट्टे पडलेले की गरम कपाला फडके लागत नसे. वय चौसष्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरल्या तीन पिढ्या खलाशी असलेल्या घरातले. विशीत ते एका मालवाहू बोटीवर होते. जर्मनीतल्या एका बंदरात बोटीच्या मालकानेच हात वर केले आणि खलाशी तिथे अडकले. खलाशांसाठी काम करणाऱ्या एका पाद्र्याने चौकशी करून सांगितले, इथून चार तासांवरच्या शहरात ऑपेराला दोर ओळखणारी माणसे हवी आहेत. चाचा म्हणत, "मना वाटलं, ऑपेरा म्हंजे बोटीचं नाव."

तिथला मुख्य दोरवाला क्राउझ. त्याला सगळे मास्टर म्हणत. त्याने चाचांच्या हातात दोर दिला आणि खुणेने सांगितले, गाठ मार. चाचांनी वडिलांनी शिकवलेली गाठ मारली. क्राउझने ती उलटसुलट पाहिली, स्वतः एक मारली, दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही सारख्या. मग त्याने चाचांना लोखंडी शिडीने वर नेले. वर, छताखाली, बेचाळीस दोर ओळीने खाली उतरलेले. "बोटच होती ती. निस्ती उभी केलेली. खाली समुद्राच्या जागी बायका गात होत्या."

हे बेचाळीस मी तपासून घेतले आहे. निरनिराळ्या महिन्यांत, विषय बदलून, मी त्यांना आठ वेळा विचारले. आठही वेळा बेचाळीस. स्वतःच्या लग्नाचे साल त्यांना सांगता येत नसे. तिथे किती केले असे विचारले की मात्र ठाम सांगत, "अकरा केले." तेही कधी बदलले नाही.

त्या घराचा इतिहास त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो मला पाठ आहे. साले त्यांना येत नसत. ते घरे मोजत.

"पैलं घर राजाचं नव्हतं. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलं. म्हंजे भांडणं पैल्या दिवसापासून." ते घर गॅसच्या दिव्यांचे. एका हिवाळ्यात तालमीच्या वेळी ज्योत जाळीच्या पडद्याला लागली. माणसे वाचली, घर गेले. त्यानंतर दुसरे बांधले, त्यात रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंडी पडदा बसवला. आग लागली तर तो खाली सोडायचा. दुसऱ्या घरावर युद्धात बॉम्ब पडले. सकाळी लोक येऊन पाहतात तर मागे काही नाही, पुढे काही नाही, मध्ये लोखंडी पडदा एकटा उभा. हे सांगताना चाचा तळहात उभा धरत आणि तो जरासुद्धा हलू देत नसत.

"घर गेलं, कंपनी ऱ्हायली," ते म्हणत. कंपनीने एका शाळेच्या व्यायामशाळेत खेळ सुरू केले. तिकिटाऐवजी लोक शेगडीसाठी कोळशाची एकेक वडी घेऊन यायचे. गाणारी बाई ओव्हरकोट घालून गायची. क्राउझची आई कंपनीत शिवणकामाला होती. तिने पॅराशूटच्या कापडाचे झगे शिवले. मग गावात वाद झाला. लोकांना राहायला छप्पर नाही आणि यांना गायला हवे. तिसरे घर उभे राहायला त्यामुळे वर्षे लागली आणि ते साधे, चौकोनी, सिमेंटचे झाले. "बगायला आपल्या हितल्या जमियासारखं," चाचा म्हणत. जमिया म्हणजे कुवेतमधले सहकारी भांडार. चाचांचे घर ते हे तिसरे.

एक भाग ते चहा संपल्यावर सांगत, आणि आवाज खाली आणून. कामगारांच्या दाराशी भिंतीवर एक पाटी होती. तिच्यावर सात नावे. युद्धाच्या आधी, ज्यू म्हणून कंपनीने स्वतःच्याच ज्या माणसांना काढून टाकले त्यांची. गाणारे, वाजवणारे, आणि सातवा एक दोरवाला. नवा माणूस कामावर आला की क्राउझ त्याला ती नावे मोठ्याने वाचायला लावी.

"मना तर वाचताच येत नव्हतं. त्यानं एकेक अक्षर शिकवलं. जर्मनमधी मी पैल्यांदा काय वाचलं, तर ती सात नावं."

"आठवतात?"

त्यांनी सातही म्हणून दाखवली. मग म्हणाले, "कंपनी चांगली होती, काटेवाले. पण तिनं हेबी केलंय. हे सोडून सांगितलं तर ते खोटं."

शिट्टीचे त्यांचे वेड सगळ्या बाजाराला माहीत होते. दुकानात कुणी शीळ घातली की ते त्याला बाहेर काढत, मग तो गिऱ्हाईक असो की मालकाचा मेव्हणा. जुन्या काळी दोरवाले खलाशीच असत आणि एकमेकांना शिट्टीने इशारे देत. खाली कुणी सहज शीळ घातली तर वरचा माणूस इशारा समजून दोर सोडणार आणि डोक्यावर अख्खा देखावा येणार. चाचांच्या वेळी इशारे हातांनी होत. पंजा उघडा धरून खाली नेला की हळू सोड. मूठ दाखवली की थांब, धरून ठेव. रस्ता ओलांडतानासुद्धा ते मला मूठ दाखवत आणि मी थांबत असे.

आमच्या मराठी मंडळींच्या वार्षिक नाटकाला एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. तिथला पडदा अर्ध्यात अडकला म्हणून मी चाचांना बोलावले. त्यांनी वीस मिनिटांत तो नीट केला आणि नंतरच्या प्रत्येक नाटकाला पडद्याची जबाबदारी त्यांचीच झाली. पडदा पडायला नऊ मोजावे लागतात हा त्यांचा नियम. "आठात पाडला तर लोक दचकतात. दहात पाडला तर चपला शोधतात."

नायकाचे काम दातांचे डॉक्टर सबनीस करत. पहिल्या प्रयोगाआधी चाचा त्यांच्या मागे गेले आणि डाव्या खांद्यावरून तीनदा, "थू, थू, थू."

"अहो चाचा, हे काय?"

"नजर लागू नये म्हणून. आमच्या घरात सगळे करतात. ते टॉय टॉय बोलतात, आपली आई थू थू बोलते. एकच."

"असं होय! थँक्यू, थँक्यू चाचा."

चाचांचा चेहरा पडला. "मेलो! त्याला शुक्रिया बोलायचं नसतं डॉक्टर. बोलला की गेलं. बाहेर जावा, फिरून या, मी परत करतो."

"आता? तिसरी घंटा झालीय!"

डॉक्टर गेले नाहीत. दुसऱ्या अंकात, नायिकेचा हात हातात असताना, त्यांची अर्धी मिशी सुटली आणि नायिकेच्या बोटाला चिकटून राहिली. पुढल्या वर्षी डॉक्टर स्वतःच खांदा पुढे करून उभे राहिले आणि तोंडातून अक्षर काढले नाही.

माझी मुलगी सई इथेच वाढली. मराठी तिला समजते, उत्तर ती इंग्रजीत देते. कॉलेजच्या प्रवेशासाठी म्हणून ती गेल्या वर्षी जर्मन शिकू लागली. चाचांसाठी तिने ते ऑपेरागृह इंटरनेटवर शोधून काढले, आणि तिथेच ती बातमी होती. हंगाम संपला की घर बंद. दुरुस्तीला काही वर्षे लागणार. हाताने ओढायचे दोर काढून सगळ्या ठिकाणी मोटारी बसणार.

"बेचाळीसही?" चाचांनी विचारले.

"ऑल ऑफ देम, चाचा."

त्यांनी कप बाजूला सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काटेवाले, मना एकदा घराकडं जायचंय. दोर काढायच्या आधी. वर चढेन, हात लावेन, उतरेन. दोन दिवस बास."

सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडेच काय, कुणाकडेही काही मागितल्याचे मला माहीत नाही. मी म्हटले, अर्ज मी भरतो. अशी कामे मी चांगली करतो. आमच्या ओळखीत कुणाचाही कागद अडला की लोक माझ्याकडे येतात, आणि माझ्या हातून गेलेला अर्ज तोपर्यंत एकदाही परत आला नव्हता.

कागद जमवताना चाचांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात घडीवर फाटू लागलेला एक पिवळा कागद होता. ऑपेरागृहाने दिलेला नोकरीचा दाखला. सईने तो वाचून दाखवला. कामावर आल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख. मी दोन तारखांमधले अंतर काढले, आणि पुन्हा काढले.

"चाचा, हे चौदा महिने होतात."

"हां."

"तुम्ही तर अकरा वर्षं म्हणता."

"वर्षं कवा बोललो? अकरा खेळ केले." आणि ते बोटांवर मोजू लागले. "एक बोटीचा, त्यात माजे सहा दोर. एक बर्फाचा. एक त्या राणीचा, ती शेवटी मरते. एक दुसऱ्या बाईचा, तीबी मरते..."

त्यांनी अकरा पुरे केले. मी डायरीची जुनी पाने काढून पाहिली. पहिल्याच नोंदीत माझ्या अक्षरात लिहिले होते: 'तांडेल, ऑपेरा, ११.' पुढे काही नाही. आकडा होता, एकक नव्हते. हॉस्पिटलात कुणी असा कागद माझ्यापुढे आणला असता तर मी तो परत पाठवला असता.

चौदा महिने. परवानगी संपली, ते रत्नागिरीला परतले, लग्न झाले, मग कुवेत. चौसष्ट वर्षांतले चौदा महिने, म्हणजे आयुष्याच्या पन्नासाव्या हिश्शापेक्षाही कमी. हा हिशेब मी त्यांना सांगितला नाही.

अर्ज भरायला मला चार संध्याकाळी लागल्या. सोबत जायचे पत्र मी इंग्रजीत लिहिले: कुठे काम केले, किती महिने केले, आता ते गृह बंद होत आहे, दोन दिवसांची भेट, परतीचे तिकीट. चाचांनी पत्र ऐकले. म्हणाले, "खाली एक ओळ मी लिवतो. त्यांच्या भाषेत. माज्या हातानं."

"येते लिहायला?"

"एवढं येतं."

त्यांनी पेन दोरासारखे मुठीत धरले आणि सावकाश चार शब्द लिहिले. मी विचारले, काय लिहिले. म्हणाले, "मना घराकडं जायचंय." घर म्हणजे कुठले हे मला पक्के माहीत होते. मी कागद फाइलीत लावला. सई त्या वेळी क्लासला गेली होती. ती परत येईपर्यंत थांबावे असे मला वाटले नाही, आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

अठरा दिवसांनी नकार आला. छापील कागद, त्यावर एका चौकोनात खूण: मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही. मी चिडलो. परतीचे तिकीट जोडले होते. चाचांचे दुकान मालक बंद करणार होता, त्यामुळे त्यांच्या इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, थोडीच मुदत उरली होती हे खरे. पण तेही मी लपवले नव्हते. जेवणाच्या टेबलावर सगळ्या प्रती पसरून मी चूक शोधत बसलो. सई पाणी प्यायला आली आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागली.

"बाबा, हू रोट धिस?"

"चाचांनी. ऑपेराला जायचंय असं लिहिलंय."

"नो, बाबा. इख विल नाख हाउझे. इट मीन्स, आय वॉन्ट टू गो होम."

"मग? तेच तर."

"नॉट द हाउस. होम. जिथे तुम्ही राहता ते." ती क्वचित मराठीत बोलते. "हाउसला जायचं तर 'इन्स हाउस' लिहायचं. ही'ज टेलिंग देम ही वॉन्ट्स टू कम होम."

माझी बायको सुनंदा नर्स आहे, घाबरवणारी बातमी शांतपणे सांगायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "व्हिसावाल्यांनी जे लिहिलंय तेच वाचलं. तुम्ही तसंच केलं असतं."

केले असते. नक्कीच केले असते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. माल बराचसा हलवला होता. रिकाम्या फळ्यांमध्ये चाचा एका जाड दोराचे टोक गुंफत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितले. नकार, आणि त्याचे कारण.

हात थांबले. "म्हंजे मीच लिवून दिलं, की मी परत येणार नाय."

"तसा अर्थ निघतो. मी तपासायला हवं होतं."

त्यांनी दोर मांडीवर ठेवला. मग एकदम खांदे हलू लागले. मला वाटले रडत आहेत. ते हसत होते.

"क्राउझ रोज बोलायचा. काम संपलं की ओरडायचा, तांडेल, नाख हाउझे! मना वाटायचं, हाउसमधी जा बोलतोय. पैल्या दिवशी मी बाहेर पडलेला फिरून आत गेलो. शिडीखाली बसून ऱ्हायलो. तो परत आला, बगतो तर मी तिथंच. परत ओरडला, नाख हाउझे! मी परत वर चढलो."

"मग?"

"मग तो हसून हसून खाली बसला. आणि मना हाताला धरून त्याच्या घरी घेऊन गेला. बायकोनं सूप दिलं." त्यांनी डोळे पुसले. "तेवाच समजायला पायजे होतं. पण सूप मिळालं, म्हंजे शब्द बरोबर असंच वाटलं."

मी म्हटले, दुसरा अर्ज करू. तोंडानेच हिशेब केला: भेटीची वेळ मिळायला इतके दिवस, निकालाला इतके. शेवटचा खेळ एकोणीस दिवसांवर होता. माझी बेरीज सत्तावीसवर गेली. दुसऱ्यांदा केली, तरी सत्तावीस.

"नाय बसत," चाचाच म्हणाले. "काटा सांगतो ते खरं." आणि त्यांनी पुन्हा दोराचे टोक हातात घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. ओळ माजी होती."

कुणी माझी चूक माझ्यावरून उतरवून घेतली की मला जास्त जड वाटते.

शेवटचा खेळ रविवारी दुपारी होता आणि तो इंटरनेटवर दाखवणार होते, हे सईने शोधले. इथे रविवार कामाचा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जूनमधल्या त्या उन्हात चाचा काळी पँट आणि गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले.

"चाचा, काळं कशाला?" सुनंदाने विचारले.

"ड्यूटीवर काळंच. पुढच्यांना आमी दिसता कामा नये."

मग तिच्या काहीतरी लक्षात आले आणि ती स्वयंपाकघरात धावली. डाळीचा कुकर लावला होता. पहिल्या शिट्टीच्या आत तिने गॅस बंद केला. चाचांनी तिच्याकडे जसे पाहिले तसे त्यांनी सईकडेच काय ते कधी पाहिले असेल.

गाणे चांगले होते की नाही हे मला सांगता येणार नाही. मी चाचांना पाहत होतो. ते गाणाऱ्यांकडे बघतच नव्हते. नजर टीव्हीच्या वरच्या कडेवर, जिथून देखावे उतरत होते. ओठ हलत होते. मध्येच म्हणाले, "अठरावा." पुढे, "एकवीस-बावीस, दोन माणसं लागतात." अंक संपून पडदा पडू लागला तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवरून उचलले गेले आणि सावकाश खाली आले. मी घड्याळ लावले होते.

"साडेनऊ," मी म्हणालो.

"पडद्याला मोटार लावलीय. अर्धा तिचा."

शेवटी सगळी कंपनी रंगमंचावर आली. गाणारे, वादक, नाचणारे, शिवणाऱ्या बायका गळ्यात टेप घालून. त्यांच्यामागून, कुणीतरी ढकलल्यासारखी, काळ्या कपड्यांतली माणसे प्रकाशात आली आणि डोळे मिचकावत उभी राहिली. चाचा पुढे सरकले. ते मोजत होते, मीही मोजत होतो.

"चौदा," मी म्हणालो.

"आमी बावीस होतो." मग त्या काळ्या कपड्यांकडे बोट करून, "पुढं कधी आणत नाय आमाला. पैल्यांदाच."

त्यांच्यात क्राउझ असणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी एकेक चेहरा पाहिला. मग लोखंडी पडदा उतरू लागला, राखाडी, मध्ये एक छोटे दार असलेला. चाचा उठून उभे राहिले. आम्हीही उठलो. तो जमिनीला टेकल्यावर ते टीव्हीच्या बाजूला गेले, डाव्या कडेला वाकले आणि हलकेच म्हणाले, "थू, थू, थू."

"आता चवथं घर," ते म्हणाले, आणि सुनंदाला, "भाभी, कुकर लावा."

बाराव्या दिवशी ते रत्नागिरीला जायला निघाले, कायमचे. विमानतळावर मीच सोडले. सामान म्हणजे एक बॅग आणि दोराने बांधलेले एक खोके. काउंटरवरच्या माणसाने ते उघडायला लावले. चाचांनी एका हाताने गाठ सोडली, आतले दाखवले आणि त्याच हाताने पुन्हा मारली. त्या माणसाने कौतुकाने मान हलवली. खोक्यावर त्यांनी स्वतःच पत्ता लिहिला होता. तो मी या वेळी नीट वाचला. बरोबर होता.

आतल्या दाराशी आम्ही थांबलो. मला पुष्कळ बोलायचे होते, आणि त्यात पहिला शब्द आभाराचा होता. मी त्यांच्या मागे गेलो, डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केले. आजूबाजूचे लोक बघू लागले. चाचांनी माझ्याकडे वळून तोंड उघडले. मग आठवून मिटले. नियम नियम होता. मीही माझा शब्द गिळला.

ते काचेपलीकडे गेले. रांगेत त्यांची पांढरी दाढी दोनदा दिसली, मग एका उंच माणसाच्या आड गेली. मी निघावे म्हणून पाय उचलला तेवढ्यात ती पुन्हा दिसली. तिथून आवाज येणार नव्हता. त्यांनी हात वर केला. मला वाटले निरोपाचा पंजा असेल, आणि मी माझा हलवायला उचललाही.

ती मूठ होती.

मी थांबलो.